साजाचं एक पान : कोल्हापुरातले चार दिवस

साखरपुडा ऑगस्टमध्ये नाशकात झाला, लग्न फेब्रुवारीत आहे. मी मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात, पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करते. तो कोल्हापूरचा, पण नोकरी पुण्यातच. त्यामुळे आमच्या भेटी, गप्पा, रुसवेफुगवे सगळं पुण्यातलं. त्याचं गाव मी पाहिलंच नव्हतं. दिवाळी झाली, दागिन्यांचं ठरवायचं होतं आणि देवीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून नोव्हेंबरात आई आणि मी निघालो. ऐन वेळी त्याच्या ऑफिसात रिलीज आलं. "तुम्ही पुढे व्हा, मी रविवारी रात्री पोचतो," म्हणाला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तो बरोबर नसताना त्याचं घर पाहिलं हे फार चांगलं झालं.

पहिला दिवस, शनिवार

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, पाच तासांचा रस्ता. आम्हाला नऊ तास लागले. खासगी बस कऱ्हाडच्या अलीकडे बंद पडली, दुसरी गाडी यायला तीन तास गेले, आणि पुढे महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते. ड्रायव्हर सोडून कुणी आमच्याशी धड बोललं नाही. तो बिचारा सगळ्यांना शेजारच्या टपरीवर चहाला घेऊन गेला आणि पैसे स्वतः द्यायला लागला. आईनं ते देऊ दिले नाहीत.

(रस्त्याचा त्रास नको असेल तर रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवा. रस्त्यानंच जायचं असेल तर पहाटेची एसटी धरा आणि पोचल्यावर लगेच कुठलं काम ठेवू नका.)

मुक्काम मावशीकडे, राजारामपुरीत. लग्नाआधी मुलीनं सासरी रात्र काढायची नाही हे आईचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. राजारामपुरीत गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रिक्षावाल्याला नुसता नंबर सांगितला, त्यानं दारात आणून सोडलं.

हातपाय धुऊन टेकतो न टेकतो तोच खालून स्कूटरचा हॉर्न आणि आरोळी, "वहिनी, मी आलो!" मी चमकून बघितलं, तर माझी होणारी नणंद. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथल्या मुली 'मी आलो, मी जेवलो, मी सांगितलो' असंच बोलतात हे त्यानं मला कधीतरी सांगितलं होतं, पण कानांनी ऐकणं वेगळं. पुढचे चार दिवस मी ते कान भरून ऐकलं. त्या बोलण्यात एक ऐटदार मोकळेपणा आहे.

तिनं मला मागे बसवून आधी रंकाळ्यावर नेलं. अंधार पडला होता, पाण्यावरून गार वारा येत होता. संध्यामठ पाण्यात काळा दिसत होता आणि पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा. कठड्यावर म्हातारी जोडपी, कणसं भाजणारे, पोरांचे घोळके. तिथून गंगावेशीला दूध कट्ट्यावर. मला वाटलं, दुकान असेल. रस्त्याकडेला म्हशी उभ्या होत्या! समोर धार काढतात, गाळतात आणि तसाच फेसाळ पेला हातात देतात. पेला कोमट होता. दूध तापवल्याशिवाय प्यायचं नाही या शिस्तीत मी वाढलेय, म्हणून क्षणभर थांबले. शेजारी एक पैलवान पोरगा लिटरचं भांडं तोंडाला लावून उभा होता. तो म्हणाला, "प्या की ताई, म्हस समोर हाय." प्यायले. वरच्या ओठावर फेसाची मिशी आली आणि नणंदेनं तिचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं, "मला सोडून?"

दुसरा दिवस, रविवार

सकाळी मावशीच्या यजमानांनी मिसळ आणायची का विचारलं. मी नाशिकची, मिसळीबद्दल माझी मतं पक्की आहेत. आमच्याकडची काळ्या मसाल्याची, इथली कांदा-लसूण चटणीची, आणि पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. चव सांगायची तर इथला कट पहिल्या घासात तिखट लागत नाही. चौथ्या घासाला कपाळावर घाम येतो, आणि तरी हात थांबत नाही. दोन्ही गावांच्या मिसळीची तुलना करू नये, या मतावर मी आले आहे.

दुपारी जेवायला कसबा बावड्यात, त्याच्या घरी. मी त्याच्या आईबाबांना अजून काकू-काका म्हणते. दारात काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि आईला म्हणाल्या, "आलासा विहीणबाई? बसनं लई हाल केलं म्हणं." हे 'आलासा, बसलासा, जेवलासा' आईला इतकं आवडलं की परतताना तीही मावशीला "दमलासा काय" विचारत होती.

स्वयंपाकघरात मला कुणी बोलावलं नाही, मी आपणहून गेले. तांबडा-पांढरा रस्सा हॉटेलात खूपदा खाल्ला होता, होताना कधी पाहिला नव्हता. मटण आधी फक्त हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. त्याचं जे पाणी सुटतं ते आळणी. त्या आळणीतूनच दोन वाटा फुटतात. एका पातेल्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पडतं, तो तांबडा. दुसऱ्यात खसखस, तीळ, काजू यांचं बारीक वाटण आणि नारळाचं दूध, तो पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर काकू पातेल्यापासून हलल्या नाहीत. "ह्याला उकळी फुटली की रस्सा फाटला. फोन वाजू दे, दार वाजू दे, हितनं हलायचं न्हाई." गॅस अगदी बारीक, पळी सतत फिरती. त्या पांढऱ्याशुभ्र रश्श्यात दोन लवंगा आणि दालचिनीचा एक तुकडा तरंगत होता. पहिली वाटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी पिऊन होईपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

(जेवणाची रीत अशी: पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, तांबडा भाकरीबरोबर, सुकं मटण मधे मधे. पांढरा पुन्हा मागायला लाजू नका, खानावळीतही मिळतो. मात्र हे जेवण झाल्यावर दोन तास कुठं जायचं ठरवू नका.)

जेवणं झाल्यावर काकूंनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. आत लाल मलमलीत गुंडाळलेला त्यांच्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज. सोनं मळकं झालेलं, जवमणी मधेच चेपलेले. काकू म्हणाल्या, "ह्यो आता हिचा." साजात २१ पानं असतात: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं. नणंद मांडीवर घेऊन मोजायला लागली. दोनदा मोजली. वीसच भरली. एक पान कधी, कुठे गळून पडलं, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. ते का, ते मला माहीत होतं. बाबा गेल्यापासून आई शाळेत क्लार्कची नोकरी करत भिशी लावत आली आहे, फक्त माझ्या दागिन्यांसाठी. मला नवाकोरा साज करायचा हे तिनं कधीचं ठरवून ठेवलेलं, पैशांचं पाकीट पर्समध्ये घेऊनच ती आली होती.

ते तसंच मनात ठेवून चार वाजता आम्ही काकांबरोबर गुऱ्हाळावर गेलो. काका निवृत्त शिक्षक, नदीकडच्या अंगाला थोडा ऊस आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात, त्यामुळे आमची वेळ अगदी बरोबर साधली. लांबूनच वास येतो, गोड आणि धुरकट. चुलवाणात चिपाडं पेटलेली, वर मोठी काहील, तिच्यात उसाचा रस रटरटत होता. भेंडीची झाडं ठेचून भिजवलेलं चिकट पाणी रसात टाकतात, मग सगळी मळी वर येते आणि एक जण ती झाऱ्यानं काढत राहतो. एका आदणाला अडीच-तीन तास लागतात. पण शेवटची पाच मिनिटं महत्त्वाची, आणि ती गुळव्याची. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. तो फेसाचा रंग बघतो, उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि एकदम "उतरा!" ओरडतो. चार माणसं काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ गार व्हायच्या उथळ हौदात, ओततात. मी दिवसभर ऑफिसात 'पास' की 'फेल' हे ठरवत असते. त्या माणसाच्या बोटांतली खात्री बघून माझे हात आपोआप जोडले गेले.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक लांबट डाग आहे. विचारलं की "लहानपणी भाजलं" एवढंच सांगायचा. काकांनी वाफ्याजवळची जागा दाखवली. "सात वर्षांचा होता. गरम काकवीत खोबऱ्याचा तुकडा बुडवायला गेला. रडला न्हाई, पर तुकडाबी सोडला न्हाई." आणि मग मला तसाच खोबऱ्याचा तुकडा काठीला टोचून काकवीत बुडवून दिला. मी तो फुंकून फुंकून खाल्ला.

(गूळ घेताना पिवळाधमक रंग बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा पावडर घालून आणलेला असतो. तपकिरी, जरा मऊसर, मातकट दिसणारा घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण गुऱ्हाळावर उभं राहून घेतलेला रवा (गुळाची ढेप) तो रवा.)

रात्री अकराला तो पोचला. मावशीच्या दारात उभा, बॅग पाठीला. मी काही न बोलता त्याचं मनगट हातात घेतलं. त्यानं विचारलं, "बाबांनी सांगितलं?"

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी काकांच्या गाडीतून पन्हाळा, शहरापासून साधारण २० किलोमीटर. थंडी नुकती पडायला लागली होती, वाटेत उसाच्या फडांवर धुकं बसलेलं. पन्हाळ्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून घेतलं, त्यांत हा आहे. तीन दरवाजा आणि अंबरखान्यातली गंगा कोठी सोडू नका. कोठीत उभं राहिलं की सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा महिनोन् महिने कसा सोसला असेल ते कळतं. एवढं धान्य साठवायची जागा होती म्हणून. मला मात्र सगळ्यात जास्त शिवा काशीद यांच्या पुतळ्यापाशी थांबावंसं वाटलं. राजा सुटावा म्हणून राजाचा वेश घालून शत्रूच्या गोटात जायचं, आणि परत यायचं नाही हे माहीत असताना जायचं.

(गडावर गाडी जाते, पण आतली ठिकाणं लांब लांब आहेत. सकाळी नवाच्या आत पोचा. झुणका-भाकर, दही आणि ठेचा मिळतो तिथं भाकरी चुलीवरची आहे का एवढं बघा.)

परतीच्या वाटेवर तो आणि काका पुढे, आई आणि मी मागे. ती हळूच म्हणाली, "लोक म्हणतील, आईनं काही केलं नाही, जुन्यावर भागवलं." मी म्हटलं, "मला तो जुना आवडलाय आई." ती म्हणाली, "आवडलाय ते दिसतंय." मग बाहेर बघत बसली. मला उत्तर सुचलं नाही. दोघींचंही खरं होतं.

संध्याकाळी किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मावळतीचा सूर्य अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतो. पहिल्या दिवशी किरणं देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी अपेक्षा असते. ढग आले, हवेत धूर-धूळ असली की किरणं वाटेतच मंदावतात. आम्ही साडेचारलाच गेलो, तरी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बहुतेक जण मोठ्या पडद्यावरच बघतात, आम्हीही तिथंच उभे राहिलो.

साडेपाचनंतर गडबड कमी झाली. गाभाऱ्यातले दिवे मालवले. पडद्यावर काळोख, आणि त्यात फरशीवरून सरकणारा एक केशरी पट्टा. पितळी उंबऱ्यावर आला तेव्हा उंबरा पेटल्यासारखा दिसला. पट्टा आणखी आत सरकला तसे लोक कुजबुजायला लागले, "चांदीच्या उंबऱ्याला लागला." एवढ्या हजारो माणसांत मूल रडायचा आवाजसुद्धा येईना. मग पुढच्या माणसानं आपल्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि मला पडदा दिसेनासा झाला. मी मान वळवली तर महाद्वाराकडून तोच उजेड आमच्याही अंगावर येत होता. आईच्या केसांतल्या पांढऱ्या बटा अगदी केशरी झाल्या होत्या. तिचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. घंटा सुरू झाल्या, आरती लागली, आणि देवीवर किरणं कुठवर पोचली ते मी पाहिलंच नाही. पण मला त्याची चुटपुट लागली नाही.

(किरणोत्सवाला जायचं असेल तर चारच्या आत पोचा, चपला घरी किंवा गाडीत ठेवा. दर्शनरांगेचा नाद त्या संध्याकाळी सोडा, पहाटे दर्शन निवांत होतं.)

चौथा दिवस, मंगळवार

सकाळी आधी चप्पल लाईन. नणंदेचा आग्रह होता की लग्नात तिच्या भावानं कापशी पद्धतीची कोल्हापुरी चप्पलच घालायची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या मिळून आठ जिल्ह्यांचं. दुकानातल्या आजोबांनी त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखला आणि अंगठ्याजवळ दोन ठिकाणी खुणा केल्या. "उजवा पाय जरा रुंद हाय, माहीत हाय काय?" त्याला माहीत नव्हतं.

(नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी घालून फिरायला निघू नका. खोबरेल तेलाचा हात द्या, आठवडाभर घरातच वापरा, पाण्यापासून जपा. सोबत पातळ मोजे घातलेत तर पाय सोलत नाही.)

मग गुजरी. काकू, आई, नणंद आणि मी. गल्ली अरुंद, दोन्हीकडे सराफी पेढ्या. काकूंचे नेहमीचे कारागीर पहिल्या मजल्यावर बसतात. त्यांनी साज काळ्या मखमलीवर पसरला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक पान उलटवून बघायला लागले. आम्ही चौघी गप्प. "मासा आहे. वराह आहे. नरसिंह आहे..." बोट थांबलं. "कासव नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. पानं आतून पोकळ असतात, लाख भरलेली, म्हणून साज दिसतो मोठा पण वजनाला हलका. जुन्या गाठणीचा धागा कुजून पान सुटलं असेल. एवढ्या जुन्या कामाचा ठसा त्यांच्याकडे होता. खालच्या खणातून त्यांनी ठशांचा डबा काढला, पितळी, झिजलेला, आणि त्यातून कासवाचा ठसा शोधून माझ्या तळहातावर ठेवला. चिंचोक्याएवढा. पाठीवरच्या चौकडीसुद्धा दिसत होत्या. "नवं पान जरा उजळ दिसेल. दोन-चार वर्षं वापरलं की बाकीच्यांत मिसळेल. सगळा साज नव्यानं गाठवून देतो."

काकू पर्स उघडायला लागल्या. तेवढ्यात आई पुढे सरकली. तिनं पाकीट काढलं, भिशीचं. "कासव आमच्याकडून," म्हणाली. काकू काहीतरी बोलणार होत्या. आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "एवढं मला करू द्या." काकूंनी पर्स मिटली आणि मखमलीचा तबक आईच्या पुढ्यात सरकवला. मग दोघी विहिणी शेजारी शेजारी बसून कासवाची मान किती बाहेर असावी यावर कारागिरांशी अर्धा तास बोलत बसल्या. उरलेल्या पैशांची आईनं ठुशी पसंत केली, आणि ती निवडताना तिनं आधी काकूंना विचारलं.

(साज करायचा किंवा दुरुस्त करायचा असेल तर हातात किमान दीड महिना ठेवा. वजन करताना लाखेचं वजन वेगळं लिहून घ्या, घडणावळ आधी ठरवा, आणि जुना दागिना देताना पानं समोर मोजून पावतीवर आकडा घाला.)

दुपारी बसस्थानकावर सगळे सोडायला. काकूंनी डबा दिला: भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा रवा कागदात बांधून. काकांनी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. तो दुसऱ्या दिवशी निघणार होता. नणंद गाडी हलली तरी बरोबर चालत होती.

किणी टोलनाक्यापाशी गाडी थांबली तेव्हा आईनं पर्स उघडली. तिथवर ती तिसऱ्यांदा उघडत होती. पावती काढून तिनं पुन्हा वाचली. निळ्या शाईत कारागिरांचं अक्षर: 'जुना साज, पाने २०. नवे पान १, कासव.' आणि त्याखाली, पैसे जमा करणाऱ्याच्या जागी, आईचं नाव. तिनं ती घडी घालून देवीच्या कुंकवाच्या पुडीबरोबर आतल्या कप्प्यात ठेवली, आणि म्हणाली, "जानेवारीत आणायला मी येईन हं तुझ्याबरोबर."